उंबरठ्याला डाय नव्हता

शौकतचाचांचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. नगरला बाजारामागच्या एका बोळात त्यांचा डाय, म्हणजे कागद कापायचे साचे, बनवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक खोली, एक करवत, पोलादी पाती वाकवायचं एक यंत्र आणि भिंतीला टेकवलेल्या प्लायवूडच्या फळ्या. ते नसते तर मी आज इथं, उत्तर प्रदेशात बिजनोरच्या बाजूला, साखर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये बसून नुसती रडत राहिले असते. आता रडून झालंय आणि हात कामात आहेत, ते त्यांच्यामुळं. त्यांचे उपकार आधी मांडते, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात उपकार थोडे आणि राग फार आहे. मी आठवी शिकलेली बाई. गेलेल्या माणसाबद्दल पुरवणीत लोक किती हळवं, किती सुंदर लिहितात ते मी वाचत आले आहे. मला तसं जमणार नाही. मी सूडानं लिहिते आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी फसवलं म्हणायला नको.

ज्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काम केलं त्या कुंदाताई गेल्याचं चाचांनीच कळवलं. दीड महिना झाला. हंगाम ऐन भरात होता, धुराड्याची काजळी दोरीवरच्या कपड्यांवर बसत होती आणि मी ते पुन्हा झटकत होते, तेव्हा फोन वाजला. "बेटी, बसलीस का? आधी बस." मी म्हटलं, "उभीच बरी हाय चाचा, सांगा."  मागं त्यांच्या खोलीतली करवत बंद होती, एवढंच मला ऐकू आलं. दुपारची करवत कधी बंद नसते... मला कळलं. "अपनी ताई गेल्या बेटी," ते म्हणाले.

मला जाता आलं नाही. इथून शेवगावला पोचायला दोन रात्री लागतात. आमचे हे साखर शिजवायच्या पॅनवर आहेत, हंगामात त्या माणसाला सुट्टी मागता येत नाही. तेराव्याला शेवगावच्या एका मंगल कार्यालयात शोकसभा ठेवली होती, ती चाचांनी मला मोबाईलवर दाखवली. हात लांब करून ते फोन धरून उभे होते. ताईंचा फोटो, हार, उदबत्ती, खुर्च्यांवर माणसं. आणि माइकपुढं शेठ.

शेठचं नाव मी लिहिणार नाही. छापायला अडचण होईल म्हणून नव्हे. ताई म्हणायच्या, ज्याचं नाव पुसायचं आहे त्याचं आपण आपल्या शाईनं लिहू नये. नगरला त्याचं लग्नाच्या सामानाचं मोठं दुकान आहे, एवढं पुरे. तो गळा भरून बोलत होता. "कुंदाताई मला मोठ्या बहिणीसारख्या. त्यांच्या हातात कला होती, पण त्या कलेला दृष्टी हवी होती. माहेरघराची कल्पना माझी, कष्ट ताईंचे. त्यांच्या स्मरणार्थ यंदा आम्ही माहेरघराचा खास सेट काढतो आहोत." लोकांनी माना हलवल्या. एक बाई पदरानं डोळे पुसायला लागल्या. चाचा दातओठ खात काहीतरी बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तोवर मी ताईंसाठी रडत होते. त्या क्षणी रडणं थांबलं ते थांबलंच.

माहेरघर म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडं लग्नात मुलीकडचे रुखवत मांडतात. टेबलावर लाडू-करंज्यांच्या शेजारी सप्तपदी, बैलगाडी, तुळशीवृंदावन, अशा हातानं केलेल्या वस्तू असतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं असतं की हे सगळं नवरीनं स्वतः केलंय. नवरीनं काही केलेलं नसतं हे दोन्हीकडच्या मंडळींना ठाऊक असतं. कुंदाताई शेवगावात असं रुखवत करून द्यायच्या, पण त्यांची खासियत एकच. जाड कार्डपेपरचं, हातभर रुंद, खरंखुरं उभं राहणारं घर. कुठलं तरी नव्हे, त्या मुलीचंच. दार कोणत्या अंगाला, तुळस कुठं, गोठा आहे का, मोरीचं पाणी कुणीकडं जातं, इतकं विचारायच्या. भिंती, खिडक्या, जिना, सगळ्यांचे वेगवेगळे डाय होते त्यांच्याकडं. डाय म्हणजे प्लायवूडच्या फळीत धारदार पातं वाकवून बसवलेलं असतं. वर कागद ठेवून हातमशीनचा दांडा ओढला की तुकडा नेमका कापून निघतो. जिथं घडी हवी तिथं बोथट पट्टी असते. मग घड्या घालायच्या, डिंक लावायचा, आणि सपाट कागदाचं घर उठून बसायचं.

माझ्या लग्नाच्या वेळी आई मला घेऊन त्यांच्याकडं गेली होती. मी तेव्हा अठरा वर्षांची, शाळा सुटून चार वर्षं झालेली. आईनं सांगितलं, "ताई, स्लॅबचं घर करा. वर गच्ची काढा. पाव्हनी मोठी हायेत."

"घर स्लॅबचं आहे का तुमचं?"

"न्हाई वो, पत्र्याचं हाय. पन कागदात कोन बघतंय?"

"मी बघते," ताई म्हणाल्या. चष्म्याची दोरी सरळ करून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू सांग गं. तुमच्या एका पत्र्याला पन्हळी किती?"

"दहा," मी पटकन म्हणाले. पावसात कुठल्या पन्हळीखाली कुठलं भांडं ठेवायचं हे ठरलेलं होतं आमच्याकडं, मला पाठ होतं.

"बघा. हिला घर माहीत आहे आणि तुम्हाला लाज माहीत आहे. घर हिचं करायचंय." आईनं तोंडाला पदर लावला, रागावली का हसली ते मला आजही सांगता येणार नाही. ताई मग माझ्याशीच बोलत राहिल्या. "स्लॅब म्हणजे काय, नुसतं खोकं. पत्रा कागदात किती देखणा दिसेल! पण पन्हळ काढायची कशी? कार्डपेपर गोल वाकवला की तडकतो." मी चाचरत म्हणाले, की निऱ्या घालतात तसं केलं तर? एक घडी आत, एक बाहेर. माझ्या आईचा डावा खांदा धरला होता त्या वर्षी, तिच्या लुगड्याच्या निऱ्या रोज मीच घालत होते. ताईंनी तिथल्या तिथं एक पट्टी घेऊन करून पाहिलं. मग खूप वेळ त्या पट्टीकडंच बघत बसल्या... "आठवीत का सोडलीस गं शाळा?" एवढंच विचारलं त्यांनी. आई घाईनं म्हणाली, "ऊसतोडीला जावं लागतंय, ताई."  त्या छपराचा डाय झाला तेव्हा त्याच्या फळीमागं त्यांनी पेन्सिलीनं माझं नाव घातलं होतं. एक घडी सुलटी, एक उलटी, म्हणून त्या छपराचा कागद मशीनमधून दोनदा जायचा, एकदा तोंडानं आणि एकदा पाठीनं.

घर तयार झालं की नवरीनं स्वतः यायचं आणि उंबरठा बसवायचा, हा ताईंचा नियम होता. त्याशिवाय घर बाहेर जायचं नाही. मग नवरी कलेक्टरची मुलगी का असेना. "मांडवात खोटं बोलणारच आहात," त्या म्हणायच्या, "निदान एक तुकडा खरा असू दे." उंबरठा ही बोटाएवढी पट्टी. तिला डाय नव्हता. ताई ती प्रत्येक घराला हातानं कापायच्या आणि तिच्या दोन टोकांना दोन लहान कान ठेवायच्या. दारासाठी समोरची भिंत खालपर्यंत कापलेली असते ना, तिचे दोन भाग मोकळे असतात. ते कान आतून दोन्ही भागांत अडकले की घर आवळून बसायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, शोभेची पट्टी आहे. माझ्या लग्नात सासूबाईंनी विचारलं, "खरंच तू केलंस का गं समदं?" मी म्हटलं, "उंबरठा मी केला." ते खरं बोलताना मला केवढा धीर आला होता.

लग्नानंतर आम्ही शेवगावातच खोली घेतली. हे तेव्हा जवळच्या एका साखर कारखान्यात हंगामी होते. मी ताईंकडं जायला लागले आणि नऊ वर्षं जात राहिले. ताईंचे वडील पोस्टात कारकून, त्या स्वतः शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. कुणी खोचकपणे विचारलंच, की तुम्हाला काय ठाऊक माहेर सोडणं, तर म्हणायच्या, "मला सासर नाहीच, नुसतं माहेर आहे. मग त्यातली तज्ज्ञ मीच नाही का?" दर नव्या डायच्या वेळी शौकतचाचा नगरहून फळी घेऊन यायचे आणि दोघांची ठरलेली भांडणं व्हायची.

"चाचा, खिडकी अर्धा मिलिमीटर कमी आहे."

"ताई, अर्ध्या मिलिमीटरवर कुणाचा संसार मोडत न्हाई."

"माणसांचा नाही मोडत. कागदाचा मोडतो." आणि चाचा कुरकुरत फळी परत न्यायचे, पातं काढायचे, पुन्हा वाकवायचे. मला या दोघांनी मिलिमीटर वाचायला शिकवलं. शाळेनं शिकवला नव्हता.

शेठ आमच्याकडं गिऱ्हाईक म्हणूनच आला. घरं न्यायचा, नगरला दुकानात मांडायचा, ऑर्डर आणायचा. ताई त्याला चहा द्यायच्या पण खुर्ची द्यायच्या नाहीत, स्टुलावर बसवायच्या. एकदा ताई गुडघ्याच्या ऑपरेशनला पुण्याला भावाकडं गेल्या होत्या. ऑपरेशनच्याच दिवशी तो टेम्पो घेऊन दारात हजर. "ताईंचा निरोप आहे. सगळ्या डायची धार गेलीय, शौकतकडं टाकायचेत. त्या यायच्या आत करून आणायचं म्हणाल्या." धार खरंच गेली होती, छपराचा कागद कडेला फाटत होता. मी ताईंना फोन लावला, बंद. ऑपरेशन चालू होतं. चाचांना लावला, त्यांनी उचलला नाही, करवतीच्या आवाजात त्यांना कधी ऐकू येत नाही. शेठ म्हणाला, "आठवी शिकलेल्या बाईनं माझी उलटतपासणी घ्यायची आता?"

मी घाबरट आहे. तेव्हाही होते, आजही आहे. मोठ्या आवाजाच्या माणसानं विचारलं की माझी बोटं आपोआप कामाला लागतात. मी एकेक डाय जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला. आणि पुढचं लिहायची मला सगळ्यात लाज वाटते. धार लावताना चाचांचा गोंधळ नको म्हणून मी प्रत्येक फळीवर चिठ्ठी लावली. कुठला तुकडा आधी, कुठला नंतर, कुठली घडी आत, छपराचा कागद दोनदा घालायचा... सगळं. चोराला मी नुसतं घर दिलं नाही, कसं राहायचं तेही लिहून दिलं.

डाय ना चाचांकडं पोचले, ना परत आले. ताई काठी टेकत परत आल्या तेव्हा मी दारातच सांगून टाकलं. त्या पुढचे दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना एकदम म्हणाल्या, "उंबरठा?"

"त्याचा कुठं डाय हाय, ताई?"

"कानांचं चिठ्ठीत लिहिलंस का?"

"न्हाई. ते तुमी करता. ते कसं लिहीन मी?"

ताईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू आलं, तसं मी कुठल्या देवीच्या मूर्तीवरही पाहिलेलं नाही. महिषासुर पायाखाली असतानाचं हसू असतं ना, त्यातलं. "मग बघ आता गंमत," त्या म्हणाल्या. गंमत लग्नसराईत सुरू झाली. शेठनं धडाक्यात घरं काढली, 'संकल्पना आणि रचना' म्हणून खाली आपलं नाव छापलं, आणि मांडवातल्या उकाड्यात घरं पसरायला लागली. समोरची भिंत दोन्हीकडं फाकायची आणि छप्पर खाली यायचं. कुण्या एका लग्नात नवरदेवाची आत्या म्हणाली म्हणे, "बाई गं, हिचं माहेर तर अक्षता पडायच्या आत बसलं!" ही गोष्ट ताई महिनाभर येईल त्याला सांगत होत्या. थोरपणानं माफ करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या, कुणी तसं लिहील तर विश्वास ठेवू नका. शेठनं उंबरठ्याची पट्टी वरून चिकटवून पाहिली, उपयोग नाही. खरं गुपित आतल्या कानांत होतं आणि ते घर फोडल्याशिवाय दिसत नाही. ताईंची खरी घरं सगळी सासरी, शोकेसमध्ये. कोणती सासुरवाशीण आपलं माहेर फोडू देईल?

मग त्यानं मला बोलावून घेतलं. त्याच्या दुकानात नव्हे, शेवगावच्या बसस्टँडवर, चहाच्या गाडीशी. "आतमध्ये काय आहे तेवढं सांग. तुझ्या नवऱ्याला कायम करायचं बोलतो मी, माझा शब्द चालतो तिथं." मी म्हटलं, "मला न्हाई म्हाईत." तो म्हणाला, "शब्द दोन्हीकडून चालतो, अलका." मी घरी आले.  पुढच्या हंगामाला यांना कारखान्यानं बोलावलं नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. आसपासच्या दोन कारखान्यांतूनही तसंच झालं. शेवटी यांच्या एका जुन्या मित्रानं इकडं उत्तरेत लावून दिलं, आणि आम्ही लेकराला घेऊन निघालो.

ताईंना मी खरं सांगितलं नाही. यांना तिकडं मोठा पगार मिळतोय, म्हणाले. खरं सांगितलं असतं तर ताईंनी त्याच दिवशी शेठला बोलावून उंबरठा त्याच्या हातात ठेवला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या मला म्हणाल्या, "जा. पगार मोठा झाला की मागचं घर लहान दिसतं." दोन वर्षं त्यांनी माझा फोन घेतला नाही. इथं थंडीत, ज्या गावच्या भाषेत मला भाजीसुद्धा नीट मागता येत नव्हती त्या गावात, ताई मला कृतघ्न समजतात हे मी रोज गिळत होते. ती दोन वर्षं मी शेठच्या नावावर मांडली आहेत. तोवर त्यानं सगळं घर प्लायवूडच्या पाटावर डिंकानं पक्कं करायची युक्ती काढली होती. जड, बोजड, पण उभं राहायचं. धंदा चालला. लोक त्याला कलावंत म्हणायला लागले.

चाचांना खरं कळलं ते शेठच्याच तोंडून. आपल्या दुकानाचं काम घेऊन आलेला तो त्यांच्या खोलीत बसून फुशारकी मारत होता, की त्या बाईला कशी गंगापार धाडली. चाचा हातातलं काम टाकून एसटीनं शेवगावला गेले आणि ताईंना सांगून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला.

"अलके, तू मूर्ख आहेस."

"व्हय, ताई."

"मला सांगता येत नव्हतं?"

"तुमी उंबरठा देऊन टाकला असता."

 मग त्या हळू म्हणाल्या, "दिला असता." आणि लगेच घसा खाकरून नेहमीच्या आवाजात, "घरात वही आहे का? लेकाची असेल एखादी. घे. लिही."

त्यानंतर कित्येक महिने दुपारी मुलगा शाळेत गेला की ताईंचा फोन यायचा. त्यांनी सगळ्या डायची मापं मला तोंडपाठ सांगितली, मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर. मागची भिंत, पुढची भिंत, चार प्रकारच्या खिडक्या, जिना, गोठा, माझा पत्रा. बोलताना त्यांना धाप लागायची, छातीचं दुखणं सुरू झालं होतं. मी म्हणायची, उद्या सांगा. "उद्या तू देणार आहेस का मला?" असं म्हणून त्या पुढचं माप सांगायच्या. शेवटी एक दिवस उंबरठ्याचं माप सांगितलं, कानांसकट. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते आकड्यात सांगितलं असेल. "आता ऐक. मी गेले की हे सगळं वाटून टाक. फुकट. जो मागेल त्याला, न मागेल त्यालाही. त्याच्या दुकानाकडं कुत्रं फिरकता कामा नये."

"आत्ताच वाटूया की, ताई."

"नको. जिवंतपणी वाटलं तर म्हातारी जळफळते म्हणतील. मेल्यावर वाटलं की दान म्हणतात."

मी कागदावर खऱ्या मापात सगळे तुकडे काढले. पण कागदावर बरोबर दिसणारं घर उभं राहतं का, हे डाय केल्याशिवाय कळत नाही. ते चाचांनी केलं. शेठ त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होता आणि त्याचीच कामं बाजूला सारून ते आमचं पातं वाकवत बसायचे. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, दुसऱ्यात उतरू घातलेला. पट्टीवरच्या रेघा दिसत नाहीत म्हणून नखानं चाचपून मोजायचे. पहिलं घर जुळलं ते घेऊन ते ताईंना दवाखान्यात भेटायला गेले. ताईंनी पडल्या पडल्या ते छातीवर ठेवून घेतलं, भिंतीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "डावी बाजू अर्धा मिलिमीटर कमी आहे." चाचा मला फोनवर हे सांगताना हसत होते आणि हुंदकेही देत होते. डावी बाजू खरंच कमी होती.

ताई गेल्यावर मात्र माझा धीर होईना. शेठचा हात इथवर पोचला तर? पुन्हा बिऱ्हाड उचलायचं झालं तर? वही समोर ठेवून मी नुसती बसत होते. तो धीर त्या शोकसभेतल्या भाषणानं दिला. तेवढ्यापुरते त्याचे आभार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इथल्या झेरॉक्सवाल्याकडून सगळे कागद मोबाईलमध्ये घेतले आणि पाठवायला सुरुवात केली. शेवगावातल्या बचत गटांच्या बायकांना, ताईंच्या जुन्या विद्यार्थिनींना, चित्रकलेच्या शिक्षकांना, झेरॉक्सच्या दुकानांना. वर लिहिलं, 'कुंदाताईंचं घर. डाय नसेल तर कात्री-ब्लेडनंही होतं. उंबरठा नवरीनंच बसवावा.' चाचांनी बोळात पाटी लावली, की या घराचा डाय कुणालाही करून मिळेल. त्याच दिवशी शेठनं त्यांच्याकडची आपली सगळी कामं उचलून नेली. चाचांनी मला आठ दिवस ते सांगितलंही नाही.

आता फोटो येतात. राजूरकडच्या एका मुलीनं माझा पत्रा काढून कौलं बसवली आहेत, आणि अंगणात कागदाची कोंबडी. राहुरीच्या एकीनं घराला माळवद केलं. प्रत्येकीचं घर वेगळं आणि प्रत्येकीचं उभं. आणि शेठचा तो स्मरणार्थ सेट खोक्यांत पडून आहे. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"हे तू पाठवलंस?"

"व्हय."

"माझ्या डिझाइनची चोरी आहे ही. केस करीन मी."

घाबरले मी, खोटं कशाला सांगू? भिंतीला धरून मी म्हटलं, "करा, शेठ. जजसाहेब म्हनतील, तुमचं घर हाय तर जोडून दाखवा. पाट न लावता उभं ऱ्हाईल का तुमच्याकडून?"

 मग त्यानं आवाज मऊ केला. "माल पडून आहे माझा, अलका. आपण बसून बोलू."

"बसायला कुठं येऊ? नगरला पोचायला दोन रात्री लागत्यात. एवढ्या लांब तुमीच तर धाडलंय." आणि मी फोन ठेवला. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली. माफ केलं की मन हलकं होतं म्हणतात. माझं न करताच झालं.

राग ओसरला की काय उरेल याची मला भीती होती. उरलं आहे ते एवढंच, की घडी घालताना ताई अंगठ्याचं नख कागदाच्या कडेवरून एकदाच ओढायच्या. दोनदा कधी नाही. "दोनदा दाबलं की कागदाचा विश्वास उडतो," म्हणायच्या. परवा लेकाच्या शर्टाची घडी घालत होते आणि माझं नख कॉलरवरून तसंच गेलं, एकदाच. हात तिथंच थांबला... मग पुढचा शर्ट घेतला.

आणि चाचा, तुम्ही हे कुणाकडून तरी वाचून घ्याल म्हणून लिहिते. डोळ्याचं ऑपरेशन तुम्ही पुढं ढकलताय, कारण पट्टी असेल तितके दिवस काम बंद आणि मोठं गिऱ्हाईक तर आमच्यापायी गेलेलं. हंगाम संपू द्या. मी येते. दवाखान्यात लेकीसारखी बसेन, थेंब घालीन, आणि पट्टी सुटेपर्यंत तुमच्या खोलीत माप मी वाचीन, पातं तुम्ही वाकवा. अर्धा मिलिमीटरसुद्धा चुकू देणार नाही. या हंगामानंतर नाही जमलं तर त्याच्या पुढच्या, पण येईन. माझं तुमच्याकडं राहिलं आहे, ते मी फेडणार आहे.